पीठ सरळ ठेवा

काकांना ऐकू येत नव्हतं, म्हणून मला लिहावं लागलं. ते आले नसते तर मला मराठी लिहिता येत नाही हे मला कदाचित कधीच कळलं नसतं.

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सगळी नोकरी इंजिनांच्या आवाजात गेली, कानही तिथेच गेले. उजव्या गुडघ्याची वाटी बदलली होती. ऑपरेशननंतर दहा-बारा दिवसांनी काकू त्यांना रिक्षाने घेऊन आल्या. कानाचं यंत्र होतं, पण ते खिशात. "शिट्टी वाजते म्हणतात," काकू म्हणाल्या. मी नेहमीसारखं बोलायला सुरुवात केली. काका माझ्या तोंडाकडे बघून मान हलवत राहिले, पण सांगितलेलं काहीच करेनात. शेवटी काकू म्हणाल्या, "लिहून द्या त्यांना. पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात ते."

मी पॅड ओढलं आणि भराभर सात-आठ ओळी लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी काकू तोच कागद घेऊन आल्या. "पीठ सरळ ठेवा" या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मॅडम, हे पीठ कशाचं? गरम करून पिशवीत भरायचं का, शेकायला?"

मला "पाठ" म्हणायचं होतं. पाठ हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारते. पाठ टेकवा, पाठ ताठ ठेवा, पाठीखाली उशी घ्या. बोलताना माझ्या तोंडून पाठीच्या जागी पीठ कधी म्हणजे कधीच आलेलं नाही. पण पेन हातात आलं आणि हाताने हिंदीतली पीठ लिहिली, पुढे मराठी क्रियापद जोडून.

मी कागद नीट वाचायला घेतला तेव्हा पुढचं दिसायला लागलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी टिंबाऐवजी हिंदीतली उभी रेघ. "गुडघ्या खाली", "भिंती ला", "पाया वर", सगळे प्रत्यय हिंदीतल्यासारखे तोडून लिहिलेले. "पायावर वजन टाकू नका" असं सांगायचं होतं, आणि कागदावर इमारतीचा पाया आणि शेजारी सुटा "वर". "ज़ोर लावू नका" मधल्या ज खाली नुक्ता. "रोज अभ्यास करा" असंही लिहिलं होतं. सराव करा म्हणायचं होतं, पण मराठीत अभ्यास म्हणजे पुस्तक घेऊन बसणं. "पायर्या चढू नका" मध्ये य वर रफार. शिवाय माझे ल आणि श सुद्धा हिंदी वळणाचे होते. काकूंनी ते वेगळेपण लगेच टिपलं होतं, फक्त कशामुळे ते त्यांना सांगता येत नव्हतं. "तुमचं अक्षर छान आहे हो, पण आपल्यासारखं नाही," असं त्या म्हणाल्या. त्या "आपल्यासारखं नाही"ने मी दिवसभर अस्वस्थ होते. मराठी माझी आईची भाषा. मी स्वप्नंसुद्धा मराठीत बघते.

मी इंदूरची. होळकरांच्या काळात तिकडे गेलेल्या घरांपैकी आमचं एक. आजी मराठी शाळेत शिकली, तिची पत्रं मराठीत असायची. आई देवासची, तिच्या माहेरी पवारांच्या थोरल्या पातीच्या गोष्टी सांगायचे, पण तिची शाळा हिंदी. माझीही. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडी घासायला येणाऱ्या ताई माळवी बोलायच्या. फिजिओथेरपीचं शिक्षण इंग्रजीतून. तेव्हा माझा हिशोब असा होता: मराठी बोलता येते, हिंदी बोलता आणि लिहिता येते, इंग्रजी लिहिता येते, माळवी कळते. पेशंटची केस इंग्रजीत मी न अडखळता दोन पानं लिहीन, पण त्याच केसबद्दल परिषदेत इंग्रजीत चार वाक्यं बोलायची वेळ आली तर मला आदल्या रात्री पाठ करावी लागतात. माळवीत कुणी कितीही भरभर बोललं तरी एक शब्द सुटत नाही, आणि उत्तर मात्र मी हिंदीत देते. हे सगळं मला इतकं सवयीचं होतं की त्यात काही विशेष आहे असं वाटलंच नव्हतं. मराठी लिहायचा प्रसंग आलाच नव्हता. आईला फोन, नवऱ्याला फोन, सासूबाई समोरच.

आणि लिपी एकच. हाच खरा चकवा. माझी एक मैत्रीण बडोद्याची आहे, तिला गुजराती लिहिता येतं. तिला निदान दिसतं तरी, की मराठीची अक्षरं वेगळी आहेत, ती शिकायला हवीत. मला अक्षरं सगळी येत होती. मी मराठी पेपर वाचायचे, दुकानाच्या पाट्या वाचायचे. वाचता येतं म्हणजे लिहिता येणारच, असं मी धरून चालले होते.

आमच्या इमारतीत एक वाचा-उपचार तज्ज्ञ बसते, माझी मैत्रीण. तिला हे सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "अर्धांगवायूचे पेशंट बघतेस ना तू? बोलणं गेलं आणि लिहिणं राहिलं, लिहिणं गेलं आणि वाचणं राहिलं, असे बघितलेत की नाही?" बघितले होते. तिनेच मग देजेरीन या फ्रेंच डॉक्टरांनी १८९२ साली नोंदवलेल्या रुग्णाबद्दल सांगितलं. तो लिहू शकत होता, पण स्वतः लिहिलेलं त्याला वाचता येत नव्हतं. मेंदूत बोलणं, वाचणं, लिहिणं यांच्या वाटा सगळ्या एकच नसतात. माझ्या मेंदूला अर्थातच काही झालेलं नव्हतं. माझी लिहिण्याची वाट फक्त हिंदीसाठी मळलेली होती. ग्रोजाँ म्हणून एक मानसभाषाशास्त्रज्ञ आहेत, द्वैभाषिकांवर आयुष्यभर काम केलेले. त्यांचं म्हणणं तिने सांगितलं ते मला फार पटलं: दोन भाषांचा माणूस म्हणजे एका अंगात दोन पूर्ण माणसं नव्हेत. एक भाषा एका कामाला, एका माणसांशी, दुसरी दुसऱ्या. जी भाषा ज्या कामाला लावली, तेवढीच ती तिथे वाढते.

पटलं खरं, पण काकांचा गुडघा थांबणार नव्हता. कागद नव्याने लिहायचा होता.

दुसरा कागद मी घरी बसून, दोन तास घालवून लिहिला. त्यात हिंदी येऊ द्यायची नाही असं ठरवलं होतं. जे जमलं ते असं: "रुग्णाने सदर व्यायाम नियमितपणे करणे आवश्यक आहे. मांडीच्या स्नायूंचे आकुंचन पाच सेकंदांपर्यंत कायम ठेवावे." शुद्ध होतं, मला अभिमानही वाटला. काकांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात काकूंना विचारलं, "काय करायचंय?"

काकू मला म्हणाल्या, "हे नोटिशीसारखं झालंय हो मॅडम. ते घाबरतात अशा कागदाला."

मी जी लिखित मराठी बघितली होती ती पेपरातली, बँकेतली, सरकारी कार्यालयातल्या फलकांवरची. म्हणून लिहायचं म्हणजे असंच लिहायचं, असं माझ्या मनाने घेतलं. हिंदी काढली आणि तिच्या जागी परकीच मराठी आणून बसवली. माझी स्वतःची मराठी, जी मी बोलते ती, कागदावर यायला तयारच नव्हती. किंवा मीच तिला येऊ देत नव्हते.

मग मी एक प्रयोग केला. एका पेशंटची परवानगी घेऊन माझं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि रात्री जसंच्या तसं लिहून काढलं. ते असं निघालं:

"हां, असं झोपा. नाही, असं. हा पाय हा असा, आणि हे इथे खाली... दाबा आता. दाबा दाबा दाबा, अजून, हां बास. सोडा. कळलं? आता तसंच इकडे."

यात व्यायाम कुठे आहे? व्यायाम माझ्या हातात होता. मी पेशंटचा पाय धरून, टॉवेल सरकवून, त्याच्या चेहऱ्याकडे बघत बोलत होते. चुकलं की लगेच "नाही, असं". अर्धं बोलणं हाताचं होतं आणि मला वाटत होतं मी सगळं भाषेत सांगते. काकांसमोर मी असेनही, पण घरी त्यांच्यासमोर फक्त कागद असणार. "असं" म्हणजे कसं, हे कागदाला सांगता आलं पाहिजे. आठ वर्षं मी मराठीत व्यायाम शिकवत होते आणि एकदाही मराठीत तो शब्दांनी पूर्ण सांगितला नव्हता. शुद्धलेखनापेक्षा हे मला जास्त लागलं.

मी त्या "असं"च्या जागी शब्द शोधायला बसले, आणि गंमत म्हणजे सगळे घरातच सापडले. पाठीवर झोपणं म्हणजे उताणं. पोटावर म्हणजे पालथं. लेक तीन-चार महिन्यांची असताना "पालथी पडली, पालथी पडली" म्हणून सगळ्यांना फोन केले होते. सैल सोडणं, ताठ करणं, टेकवणं, सरकवणं, गुंडाळी, टाच, घोटा, पोटरी. "सेकंद" काकांना कसे मोजता येणार, म्हणून "पाच आकडे मोजेपर्यंत". आई उसळीला उकळी आणताना असंच सांगायची, वीस आकडे मोज आणि गॅस बंद कर. हे शब्द कागदावर चालतात हेच मला माहीत नव्हतं.

तिसरा कागद:

"पलंगावर उताणे झोपा. उजव्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबा. मांडी घट्ट झाली पाहिजे. हात लावून बघा. पाच आकडे मोजेपर्यंत दाबून ठेवा, मग सैल सोडा. असे दहा वेळा. श्वास रोखू नका."

काकांनी वाचला. तिथेच टेबलावर उताणे झोपले, टॉवेल मागितला, दाबला, आणि डावा हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघितलं. "घट्ट झाली," म्हणाले.

त्यानंतर मी नीट शिकायला लागले. लेक तिसरीत आहे, इंग्रजी शाळेत, पण २०२० च्या कायद्यानंतर तिथेही मराठी शिकवतात, त्यामुळे तिच्याकडे मराठीची वही आहे. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. पहिलीपासून सुरुवात केली, कारण मधूनच सुरुवात केली तर भोकं राहतात. रात्री जेवणं झाल्यावर लेक मला श्रुतलेखन घालायची. "आई, लिही, विहीर. आता लिही, विहिरीत." पहिल्या दिवशी वीसपैकी अकरा चुका. लेकीने लाल पेनने अकराच्या अकरा गोल केले आणि खाली तिच्या बाईंसारखी सही केली.

ऱ्हस्व-दीर्घ हे मला कानाने कधीच कळलं नसतं. मी बोलते तेव्हा विहीर आणि विहिरीत यांतला इकार माझ्या जिभेला तरी सारखाच लागतो. जीभ हाताला काही सांगूच शकत नाही, हाताला नियमच पाठ करावा लागतो: शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल आणि शब्दाला प्रत्यय लागला, तर ते ऱ्हस्व होतं. जमीन, पण जमिनीवर. बहीण, पण बहिणीला. मूल, पण मुलाला. पीठ, पण पिठाची गिरणी. शरीर मात्र शरीरालाच राहतं, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. हिंदीत मी आयुष्यभर "कवि" आणि "गुरु" लिहिलं, मराठीत शेवटचं अक्षर दीर्घ, कवी, गुरू. पण "आणि" ऱ्हस्वच! आणि गुरू दीर्घ असला तरी गुरुदक्षिणा ऱ्हस्व. हिंदीत पक्का झालेला हात इथे प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूला वळायचा. ज्याला लिहिताच येत नाही त्याला शिकवणं सोपं असेल असं मला त्या दिवसांत फार वाटायचं.

काही गोष्टी मात्र अशा सापडल्या की जीव हरखला. नुक्ता. मराठीत जोर, जागा, झोप यांतले ज-झ मी बोलताना दातांशी नेते, जन्म आणि झेंडा यांतले टाळूशी. माझ्या तोंडाने हा फरक कधी चुकवला नाही. हिंदी लिहिणाऱ्या हाताला तो खुणेने दाखवायची सवय, म्हणून मी टिंब देत होते. मराठी देत नाही. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जिवंत राहा, दोन्ही अगदी सारखेच लिहायचे. वाचणारा आपल्यातला आहे, त्याला माहीत आहे, असं ही लिपी धरून चालते. एवढा विश्वास टाकलेला बघून मला भरून आलं, कारण हा फरक मलाही न शिकवता येत होता.

आणि तो अर्ध्या चंद्रासारखा र. पायऱ्या, दुसऱ्या, साऱ्या. हिंदीत तो नाहीच, म्हणून माझ्या हाताने रफार दिला होता. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं की आचाऱ्यांना, यावर लग्नघरात केवढा फरक पडेल. बोलताना मी हे दोन उच्चार आपोआप वेगळे करते. त्यासाठी मराठीने एक वेगळी खूण राखून ठेवली आहे हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं.

दिवाळीत इंदूरला गेले तेव्हा आजीची पत्रं काढली. आजीची मराठी हीच माझी खरी मराठी, तिच्यासारखं लिहायचं, असं मनात होतं. पत्रात सगळीकडे अनुस्वार: "कांहीं", "नाहीं", "घरांत". मी ते मोठ्या प्रेमाने उचलले आणि नाशिकला आल्यावर काकांच्या पुढच्या कागदात घातले. आमच्या रिसेप्शनवरच्या मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, हे तर माझ्या आजोबांच्या पोथीतल्यासारखं आहे." मग शोधलं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, १९७२ साली त्यात चार वाढवले, आणि हे उच्चारात नसलेले अनुस्वार त्यात गेले. आजी शाळा शिकली ती त्याच्या कितीतरी आधी, इंदूरला, आणि तिच्या हाताने शेवटपर्यंत तेच वळण जपलं. म्हणजे आजी चुकत नव्हती. तिच्यात आणि माझ्यात मराठी लिहिणारा एकही हात झाला नाही, म्हणून मधला बदल आमच्या घरात पोचलाच नाही. त्या पत्रांवर मी त्या रात्री बराच वेळ बसून होते. अनुस्वार काढून टाकले, पण काढताना हात जड झाला.

काका अडीच महिने येत होते. शेवटी शेवटी काठी न घेता यायचे. एकूण नऊ कागद झाले, त्यांतले सात काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आहेत. शेजारच्या एका आजींचा गुडघा बदलला तेव्हा त्यांनी झेरॉक्स काढून दिल्याचं मला नंतर कळलं. आता क्लिनिकमध्ये प्रत्येक पेशंटला मराठीत छापील कागद मिळतो. प्रत्येक कागद आधी मावशी वाचतात, आणि वाचता वाचता खुर्चीवर बसून तो व्यायाम करून बघतात. जिथे त्या थांबतात तिथे माझं वाक्य चुकलेलं असतं.

अजूनही घाईत हात घसरतो. परवाच "प्रयत्न करा" म्हणताना "चेष्टा" लिहायला सुरुवात केली होती. च वरच थांबले. पूर्वी वाक्य पूर्ण झाल्यावरही कळलं नसतं.

गेल्या महिन्यात आईला पत्र लिहिलं. तिचाही गुडघा दुखतो, फोनवर सांगून ती काही करत नाही. "हो हो" म्हणते आणि विसरते. म्हणून दोन पानं लिहिली, घरातलं सगळं, आणि शेवटी व्यायाम, तिच्याच शब्दांत. कागदाचा फोटो पाठवला नाही, पोस्टाने पाठवलं. आठवड्याने तिचा फोन आला. पत्र तीनदा वाचलं म्हणाली, बाबांना वाचून दाखवलं, देवासला मामाला फोनवर वाचून दाखवलं. मग म्हणाली, "मी पण तुला मोबाईलवर मराठीत लिहायला बसले होते ग. पण तू ते 'पायऱ्या' लिहिलंयस ना, तो तसा र मला त्यात सापडतच नाही. कुठे आहे तो?"

"आई, खाली टिंब असलेला ऱ दिसतोय का बघ. तो दाब. मग पाय मोडायची खूण, मग य, मग काना."

ती फोन कानापासून दूर घेऊन दाबत होती. मला तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

"आला," ती म्हणाली.